कॅन्सर झालेल्या घरात मंडळीचे काम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाने २०२२ सालासाठी देशात सुमारे १४.६ लाख नव्या रुग्णांचा अंदाज मांडला होता. आयुष्यभरात साधारण नवांपैकी एका भारतीयाला हा आजार गाठू शकतो, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे चार-पाच माणसांच्या दोन-तीन घरांमागे एका घरी कधी ना कधी हे निदान येणार. तरीही ज्या घरी ते येते त्या घराला ते आभाळ कोसळल्यासारखेच वाटते. निगडीसारख्या वस्तीत तर ते अधिकच. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, निगडी-आकुर्डीच्या माळावर प्लॉट पडले आणि कारखान्यांमागोमाग माणसे आली. त्यात नगर-श्रीरामपूर, जालना, सोलापूर या भागांतली मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती, तशीच मल्याळी, तमिळ आणि गोव्याकडचीही. गावचे भाऊबंद मागे राहिले आणि त्यांची जागा बऱ्याच अंशी चर्चच्या मंडळीने घेतली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती जेमतेम १०.८ लाख, एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान समाजात आजाराची बातमी लपत नाही. संध्याकाळपर्यंत घरी प्रार्थनेला माणसे जमतात. या जमण्याचा आजारी माणसाला नेमका काय उपयोग होतो आणि कोणत्या वळणावर अपाय होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की श्रद्धेचे आणि कुटुंबाचे खरे बळ उपचारांच्या लांबलचक काळात माणसाला एकटे पडू न देण्यात आहे. ते बळ बरे होण्याची हमी देण्यात खर्ची पडले, की आजाऱ्याच्याच अंगावर येते. आजवरचे संशोधन हे सांगते, आणि बायबल नीट वाचले तर तेही हेच सांगते.

हा काळ किती लांब असतो याची कल्पना पहिल्या दिवशी कोणालाच नसते. स्तनाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. ऑपरेशन, त्याआधी किंवा नंतर बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केमोचे सहा ते आठ डोस, मग अनेकींना आठवड्यातून पाच दिवस असे तीन ते पाच आठवडे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘शेक’ म्हणतात, आणि पुष्कळ जणींना त्यानंतर निदान पाच वर्षे रोज एक गोळी. केमोच्या दिवशी सकाळी आधी रक्ताचा रिपोर्ट बघायचा. पांढऱ्या पेशी कमी भरल्या, तर काढलेली रजा आणि ठरवलेली गाडी वाया घालवून परत फिरायचे. मासिक वेतन २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचा आधार असतो, पण त्यासाठी रेफरन्सची चिठ्ठी हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होऊ शकतात, पण मंजुरी येईपर्यंत कुणीतरी काउंटरवर उभे राहायला लागते. मुंबईला १९४१ पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयात जायचे ठरवले, तर चिंचवडला पहाटेच सिंहगड एक्स्प्रेस गाठून दादरला उतरायचे आणि रात्री परतायचे. हे सगळे आठ-दहा महिने चालते. घरसभेला पहिल्या आठवड्यात वीस माणसे आणि पाचव्या महिन्यात तीन, असे होत असेल तर आधार आजाराच्या वेगाशी जुळलेला नाही असे म्हणावे लागेल.

कुटुंबाच्या आधाराचा परिणाम मोजता येतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा प्रकारच्या कॅन्सरचे सात लाखांहून अधिक रुग्ण पाहिले गेले. विवाहित रुग्णांचा आजार तुलनेने लवकर पकडला गेला होता, त्यांना पूर्ण उपचार अधिक प्रमाणात मिळाले होते आणि कॅन्सरने होणारे मृत्यूही त्यांच्यात कमी होते. स्तन, मोठे आतडे, डोके-मान अशा काही कॅन्सरांत विवाहित असण्याशी जोडलेला हा फायदा केमोथेरपीच्या नोंदलेल्या फायद्याहूनही मोठा निघाला. लग्नामुळे पेशी बदलत नाहीत. “ही गाठ दाखवून ये” म्हणणारे, तारीख लक्षात ठेवणारे आणि उलट्यांच्या रात्री उशाशी बसणारे माणूस घरात असते, एवढाच त्याचा अर्थ लावता येतो. आणि जे काम जोडीदार करतो ते बहीण, शेजारीण किंवा मंडळीतले कुणीही करू शकते. पण कुटुंब हा शब्द उच्चारला की सगळे आलबेल, असे मानायचे कारण नाही. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर आजार स्त्रीला झाला तेव्हा सुमारे २१ टक्के जोडपी विभक्त झाली होती आणि पुरुषाला झाला तेव्हा तीन टक्के. आपल्याकडे घटस्फोट इतके होत नाहीत, पण विषमता वेगळ्या रूपाने असते: नवरा आजारी पडला तर बायको नोकरी सोडते, बायको आजारी पडली तर केमोहून आल्यावर तीच कुकर लावते. “कुटुंब खंबीर आहे” या वाक्यामागे बहुतेक वेळा एकच बाई खंबीरपणे राबत असते, आणि तिला विचारणारे कोणी नसते.

श्रद्धेबद्दलचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. २०१५ साली कॅन्सर रुग्णांवरच्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात मिळून ४४ हजारांहून अधिक रुग्ण होते. देवाशी जवळीक वाटणे, जगण्याला अर्थ आहे असे वाटणे, मनाला शांती असणे, अशा भावनिक अंगाशी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या शारीरिक स्वास्थ्याचा स्पष्ट संबंध दिसला. प्रार्थना किती वेळा, उपासनेला हजेरी किती, अशा बाह्य आचाराचा शरीरस्वास्थ्याशी संबंध दिसला नाही. दुसऱ्या बाजूला, २००१ साली ५५ वर्षांवरील सुमारे सहाशे आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास आहे. तो केवळ कॅन्सरचा नव्हता, पण इथे लागू पडतो. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, हे सैतानाचे काम आहे, अशा विचारांनी ग्रासलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. आणि २००६ साली हृदयाची बायपास झालेल्या सुमारे १८०० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात परक्या माणसांनी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना कळवले होते, त्यांच्यात गुंतागुंत किंचित जास्तच निघाली. त्यावरून प्रार्थना निरर्थक ठरते असे मी म्हणणार नाही. देवाला प्रयोगाच्या चौकटीत उभे करता येत नाही, हे श्रद्धावंताचे म्हणणे रास्त आहे. मात्र तेच रास्त धरायचे तर प्रार्थनेच्या तासांचा हिशेब ठेवून निकालाची अपेक्षा करणेही सोडायला हवे. आजाऱ्याला बळ देते ते देव सोबत असल्याचे भान, आणि त्याला खचवते ती देवाने शिक्षा केल्याची शंका. मंडळीतले लोक घरी येऊन जे बोलतात, त्यातून यांपैकी एक वाढते.

आणि आपण काय बोलतो? “काही पाप राहून गेलंय का, तपासून पाहा.” “विश्वास कमी पडू देऊ नका.” ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात, म्हणूनच जास्त खोल रुततात. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात, तोवर त्यांचे काही चुकत नाही. ते तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण समजावू लागतात तिथे बिघडते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या समजावणाऱ्यांवर. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे. येशू दोन्ही नाकारतो. यावर कोणी म्हणेल की तंबाखूचे काय? आपल्याकडच्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे आणि गुटखा, मावा, मिशरी यांचा त्यातला वाटा कोणी नाकारू शकत नाही. खरे आहे, ती कारणे सांगायलाच हवीत, तरुण संघाच्या सभेत सांगावीत, शिफ्टला जागे राहायला पुडी तोंडात ठेवणाऱ्या पोरांना सांगावीत. पण जबडा काढलेल्या माणसाच्या उशाशी बसून ती सांगण्यात आरोग्यशिक्षण उरत नाही. शिवाय स्तनाचा, अंडाशयाचा, रक्ताचा कॅन्सर झालेल्या असंख्य माणसांच्या बाबतीत बोट दाखवावे असे कारणच सापडत नाही.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. मग बरे होण्याची आशा धरू नका म्हणणे हा अविश्वास नाही का? मी आशा धरू नका म्हणत नाही. राजा हिज्कीया मरणाला टेकला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली. आणि त्यानंतर यशया संदेष्ट्याने त्याच्या फोडावर अंजिराची ढेप बांधायला सांगितली. प्रार्थना आणि औषध यांत निवड करण्याची वेळ त्या कथेत येत नाही. लूकला पौलाने प्रिय वैद्य म्हटले आहे. दुसरीकडे गेथशेमाने बागेत स्वतः येशूने हा प्याला टळावा अशी विनंती केली, आणि तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणे केले, आणि तो निघाला नाही. या दोघांचा विश्वास कमी होता असे कोणताही पाळक म्हणणार नाही. तरीही आपल्या सभांमध्ये साक्ष देण्याची जी पद्धत आहे तिच्यात एक दोष राहून जातो. बरा झालेला माणूस उभा राहून सांगतो. जो गेला तो सांगायला येत नाही, आणि ज्याचा आजार उलटला तो मागच्या बाकावर बसून राहतो किंवा यायचाच बंद होतो. ऐकणाऱ्याला वाटते की विश्वास ठेवणारे सगळे बरे होतात. हरेगावच्या मतमाउलीला नवस बोलणाऱ्या कॅथलिक घरांतही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडते. या समजाचा फायदा घेणारेही आहेत. कॅन्सर बरा करून देण्याच्या औषधांच्या आणि चमत्कारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रोगमुक्तीच्या सभांची आमंत्रणे फिरत राहतात. नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, असे २०१८ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो. म्हणून जो धर्मसेवक “प्रार्थना करा आणि केमो चुकवू नका” असे एका दमात म्हणत नाही, त्याच्या सभेला आजाऱ्याला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून नाजूक प्रश्न खरे सांगण्याचा. आपल्या घरांत रिपोर्ट आधी मुलाच्या किंवा जावयाच्या हाती पडतो आणि ठरते की “आईला सांगायचं नाही, ती खचेल.” हा निर्णय मायेपोटी होतो आणि त्याला आपल्या एकत्र कुटुंबाच्या संस्कृतीचा आधार दिला जातो. पण आईला केस गळताना दिसतात, वॉर्डाच्या दारावरची पाटी तिला वाचता येते, सुना कुजबुजतात ते कळते. तिला कळले आहे हे घराला कळत नाही, एवढेच. मग जिला सगळ्यांत जास्त बोलायची गरज आहे तीच घराला सांभाळण्यासाठी गप्प बसते, आणि घरातली प्रार्थनाही खोटी पडते, कारण प्रार्थनेत आजाराचे नाव घ्यायचे नसते. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत, देवाला जाब विचारणारी आहेत. ती म्हणण्याचा हक्क आजाऱ्याला मिळायला आधी त्याला आजार माहीत असायला हवा. खरे कळल्याने माणूस लवकर मरतो, या समजाविरुद्ध एक महत्त्वाचा पुरावा २०१० साली आला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर वेदनाशामक, आधारात्मक शुश्रूषा (पॅलिएटिव्ह केअर) मिळाली, त्यांच्या जगण्याचा मध्यक ११.६ महिने होता, इतरांचा ८.९ महिने. त्यांना आपल्या आजाराचे स्वरूप अधिक नीट कळलेले होते, आणि शेवटच्या काळात त्यांनी आक्रमक उपचारही कमी घेतले. सगळे एकाच दिवशी तोंडावर फेकावे असे नाही. “तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?” एवढा प्रश्न आजाऱ्याला विचारला जावा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे पुढे जावे. नको म्हणणाऱ्याला न सांगणे हाही त्याचाच निर्णय ठरतो.

शेवटच्या टप्प्यात श्रद्धेचे काय होते, याबद्दलचा पुरावा ख्रिस्ती माणसाला अस्वस्थ करील. २००९ साली ३४५ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की धर्माचा ज्यांनी सर्वाधिक आधार घेतला होता त्यांच्यावर शेवटच्या आठवड्यात कृत्रिम श्वासयंत्राचा वापर ११.३ टक्के झाला. ज्यांनी कमी घेतला त्यांच्यावर ३.६ टक्के. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात आणखी उलगडा झाला: केवळ आपल्या धार्मिक समुदायाकडून भरपूर आधार मिळालेल्यांत हॉस्पिस सेवा, म्हणजे अखेरच्या काळातली शुश्रूषा, घेण्याचे प्रमाण कमी होते, पण आध्यात्मिक प्रश्नांची दखल उपचार करणाऱ्या चमूनेच घेतली तेव्हा ते वाढले. चर्च आणि दवाखाना एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा चर्चमध्ये चमत्काराची वाट पाहिली जाते आणि आयसीयूत त्याचे बिल भरले जाते, असा मी याचा अर्थ लावतो. उपचार थांबवणे म्हणजे देवावरचा विश्वास सोडणे, असे वाटणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना हे माहीत असावे की पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच असाधारण साधनांनी आयुष्य लांबवण्याचे बंधन कोणावर नाही असे सांगितले होते. आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी फक्त मरणाच्या दारात करायचा नसतो, हेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले. तरी फादरांना बोलावले म्हणजे आता संपले, अशी भीती घरोघर आहे.

या बाबतीत ख्रिस्ती परंपरेकडे, महाराष्ट्रात आणि बाहेरही, दाखवायला चांगले काही आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले ते शस्त्रक्रिया करण्यासाठी. प्रार्थना होती, आणि चाकूही धारदार होता. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदना एकत्रच असते आणि तिचा विचारही एकत्रच करावा लागतो, ही मांडणी त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून आली; मॉर्फिन वेळेवर द्यायचा आग्रहही त्यांचाच. कॅन्सर शल्यविशारद डॉ. लुइस जोस डिसूझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरी चर्चजवळ, शांती आवेदना सदन सुरू केले; ते देशातले पहिले हॉस्पिस. तिथे सिस्टर शुश्रूषा करतात, पैसे घेतले जात नाहीत आणि कोणत्याही धर्माच्या रुग्णाला जागा मिळते. निगडीच्या माणसाला जवळचे म्हणजे पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चालणारे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र. तेही विनामूल्य आहे, आणि घरचे माणूस रुग्णासोबत तिथे राहू शकते. ते चर्चचे नाही, आणि त्याने काही अडत नाही. उपचार चालू असतानाही अशा केंद्राचा सल्ला घेता येतो, हे मंडळीत सांगितले गेले पाहिजे.

निधर्मी वाचक विचारील की हे सगळे समुपदेशक आणि समाजसेवा विभाग करू शकत नाहीत का; त्यात देव कशाला? करू शकतात, आणि करावे. पण समुपदेशकाची भेट अर्ध्या तासाची असते, आणि रात्री अडीचला “मीच का” हा प्रश्न पडतो तेव्हा शेजारच्या इमारतीतली मंडळीतली बाई फोन उचलते. ज्याला श्रद्धा आहे त्याच्याशी त्याच्या श्रद्धेच्या भाषेत बोलणारे माणूस लागतेच. वारकऱ्याला लागते तसेच ख्रिस्ती माणसाला. आणखी एक शंका उघडपणे घ्यायला हवी: आजाऱ्याच्या खाटेजवळ ख्रिस्ती माणूस आला की धर्मांतराचा संशय येतो. त्याला उत्तर वागण्यानेच द्यावे लागेल. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला दवाखान्यात न्यावे, डबा द्यावा, आणि त्याने स्वतः मागितल्याखेरीज प्रार्थना करू नये, पत्रके तर मुळीच देऊ नयेत. दुबळ्या क्षणी मिळवलेला होकार श्रद्धेला शोभत नाही.

राहिला प्रश्न निगडीतल्या एखाद्या मंडळीने नेमके काय करावे याचा. मार्काच्या शुभवर्तमानात चार माणसे पक्षाघात झालेल्याला उचलून आणतात आणि वाट मिळत नाही तेव्हा छप्पर उसकटतात. त्यांनी प्रवचन केल्याचा उल्लेख नाही. रेडिएशनच्या पंचवीस फेऱ्या पाच जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस येतो, आणि सेकंड शिफ्टचा माणूस सकाळी मोकळा असतोच. योजनेच्या मंजुरीचे कागद भरण्यात पटाईत असा एखादा तरी माणूस प्रत्येक चर्चमध्ये आहे. पाळकांनी पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात: डॉक्टर काय म्हणाले, आणि ते आजाऱ्याला स्वतःला माहीत आहे का. साक्षीच्या वेळी अजून बरा न झालेल्या, कदाचित न होणाऱ्या माणसालाही उभे राहून बोलता यावे, आणि त्यानंतर कोणी घाईने विजयाचे गीत सुरू करू नये. राबणाऱ्या त्या बाईचे काय, याचाही बंदोबस्त हवा. आजाऱ्याला एकटे सोडता येत नाही म्हणून महिनोन्‌महिने ती रविवारी चर्चला येऊ शकत नाही, आणि तिच्या न येण्याची नोंदही कोणी घेत नाही. तिला दोन तास मोकळे करायचे तर दुसऱ्या कोणीतरी त्या रविवारी उपासना चुकवून तिच्या घरी बसावे लागेल, आणि पाळकांनी याला आपली संमती आहे हे आधीच्या रविवारी सर्वांसमोर सांगून ठेवावे लागेल.